बांधावरचा फोक आणि घामाचे दाम



मागच्या तालुका बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा आटोपत आली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण उठला. चार एकर कोरडवाहूचा धनी, शिक्षण बारावी. त्याने मोबाइलवर पाहिले होते की परदेशात बायामाणसे परसात 'विलो' नावाचे झुडूप लावतात, दर हिवाळ्यात त्याच्या काड्या कापतात आणि घरीच टोपल्या विणून चांगल्या किमतीला विकतात. त्याने मला सरळ विचारले, "सर, त्या विलोच्या काड्या कुठं भेटतील? बांधावर लावून पाहतो."

सभा हसली. मला हसू आले नाही. ज्याच्या कापसाला भाव नाही तो माणूस बांधाकडे पाहू लागला, यात हसण्यासारखे काय आहे? त्या दिवशी वेळ नव्हता म्हणून त्याला उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज लिहितो आहे. प्रश्न दिसायला लहान आहे, पण त्याचा पदर सोडवायला गेले की आपल्या चळवळीच्या मुळापर्यंत जाऊन पोचतो.

आधी विलोची गोष्ट सांगतो. विलो हे थंड मुलखातले, ओल्या जमिनीतले झाड. इंग्लंडमध्ये सॉमरसेट नावाच्या परगण्यात पाणथळ जमिनीवर त्याची शेती पिढ्यान्‌पिढ्या होत आली. हिवाळ्यात पाने झडली की वीतभर लांबीचे तुकडे जमिनीत खोचायचे, ते तसेच मुळे धरतात. पुढे दर हिवाळ्यात सगळी झुडपे जमिनीलगत कापायची. खुंटातून पुढच्या हंगामात नव्या सरळ काड्या फुटतात. एकदा लावलेला वाफा वीस-पंचवीस वर्षे काड्या देतो. आपल्या देशात ही विद्या काश्मीरमध्ये आहे. गांदरबलच्या बाजूला लोक विलोच्या काड्या मोठ्या भट्टीवर उकडतात, साल सोलतात आणि टोपल्या विणतात. तुमची पोरे ज्या काश्मिरी विलोच्या बॅटने क्रिकेट खेळतात ते लाकूड याच कुळातले.

महाराष्ट्रातही विलोचा एक सख्खा भाऊ आहे. त्याचे नाव वाळुंज. पण तो नदीकाठी पाण्यात पाय सोडून उभा राहणारा गडी. ज्याच्या शेतात बारमाही ओढा आहे त्याने वाळुंज खुशाल लावावा. ज्याची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते त्याच्या बांधावर विलो काय आणि वाळुंज काय, दोन्ही मार्च पाहणार नाहीत. तेव्हा त्या तरुण मित्राला पहिले उत्तर असे, की विलोच्या काड्या शोधू नकोस, आणि कोणी विकायला आला तर विकत घेऊ नकोस.

पण थांबा. विलोचे नाव सोडून द्या आणि त्याचे गुण मोजा. छाटले की खुंटातून सरळ, बिनफांदीचे फोक फुटतात. फोक वाकतो, मोडत नाही. काडी लावली की लागते. या तिन्ही गुणांचे आणि वर जनावर तोंड लावत नाही या चौथ्या गुणाचे झुडूप आपल्या गावात आहे. ते कोरडवाहू आहे, फुकट आहे आणि आपल्या आजीला ठाऊक होते. त्याचे नाव निरगुडी. कोणी तिला निगडी म्हणतात.

निरगुडीच्या फोकांच्या पाट्या, डाली, कोंबड्या झाकायची डालगी, धान्याच्या कणग्या हे सगळे आपल्या वाडवडिलांच्या घरात होते. तुरीच्या तुराट्यांच्या कणग्या तर अजूनही काही घरांत कोपऱ्यात उभ्या दिसतात, आत धान्य नसते एवढेच. कणगी शेणामातीने लिंपायची, आत निरगुडीचा आणि कडुनिंबाचा पाला घालायचा आणि ज्वारी भरायची. एवढे सगळे बांधावर उगवत होते. मग ते गेले कुठे?

याचे उत्तर मला एका बाईने दिले आणि ते माझ्या जिव्हारी लागले.

कृषी पदवी घेऊन मी नवानवा गावोगाव फिरू लागलो तेव्हा माझ्या भाषणात एक वाक्य ठरलेले असे: "बांध स्वच्छ ठेवा." तणे वाढतात, किडी आसरा घेतात, म्हणून झुडपे काढा, पेटवून द्या. पुस्तकात तसे होते, मी तसे बोललो आणि पुष्कळांनी ऐकलेही. कापसाला भाव नसला की प्रत्येक तास मोलाचे वाटते, म्हणून बांध कोरून कोरून विळ्याच्या पात्याएवढा झाला. काही वर्षांपूर्वी एका गावात कडुनिंबाखाली एक म्हातारी कैकाडी मावशी बसलेली होती. तिच्यासमोर प्लास्टिकच्या टोपल्या होत्या, बाजारातून आणून विकायला ठेवलेल्या. मी सहज विचारले, "मावशी, विणणं सोडलं का?" ती म्हणाली, "फोक कुठं हायेत आता, भाऊ? तुमीच तर जाळले."

'तुमीच' म्हणताना ती मला ओळखत नव्हती. पण तिचे बोलणे खरे होते.

आता हे कैकाडी कोण, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्यातल्या पुष्कळांना ते फक्त गाढवे घेऊन पाल ठोकणारे म्हणून ठाऊक आहेत. निरगुडीचे, तरवडाचे फोक आणि तुराट्या विणून पाट्या-कणग्या करणारा हा समाज. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ज्या जमातींना त्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवले त्यांत पुढे कैकाडीही घातले गेले, आणि सोलापूरला अशा लोकांना तारेच्या कुंपणात डांबणारी वसाहत उभी राहिली. देश १९४७ साली स्वतंत्र झाला. या लोकांच्या कपाळावरचा तो शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. आजही हाच समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. माणूस तोच, हातातला कोयता तोच, जिल्ह्याची हद्द ओलांडली की दाखला बदलतो. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हे १९८० सालचे पुस्तक याच घरातून आलेले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे.

सरकारी कायदा कसा असतो पाहा. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले. बांबू गवताच्या कुळातला, हे शेतकी शाळेचे पोरही सांगेल. पण कायद्याने एकदा झाड म्हटले की तोडायला परवानगी आणि न्यायला पास. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू विकणेही त्यामुळे जिकिरीचे होऊन बसले. ही चूक दुरुस्त करायला नव्वद वर्षे लागली. २३ नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकमाने वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला आपल्याच जंगलातला बांबू आपल्या ग्रामसभेच्या पासावर विकण्याचा हक्क मिळाला तो २०११ साली, तेसुद्धा २००६ चा वनहक्क कायदा हाती धरून लढल्यावर. आणि कर्नाटकात कारवारच्या जंगलातला बांबू कागद कारखान्याला टनामागे दीड रुपया दराने दिला जात होता, तेव्हा तिथला बुरूड त्याच बांबूसाठी बाजारात त्याच्या कितीतरी पट मोजत होता, हे माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे.

कापूसवाल्यांनो, ही गोष्ट ओळखीची वाटते ना? १९७२ पासून सुमारे तीस वर्षे कापूस एकाधिकार योजना होती. आपण पिकवलेला कापूस आपल्याच गाडीत घालून राज्याची हद्द ओलांडली तर आपण चोर ठरत होतो. कायद्याने गवताला झाड केले, विणकऱ्याला जन्मजात गुन्हेगार केले आणि कापूस पिकवणाऱ्याला तस्कर केले. कच्चा माल स्वस्तात कारखान्यापर्यंत पोचवायचा, एवढेच धोरण. ते अजून संपलेले नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि मुदत वाढवत ते डिसेंबरअखेरपर्यंत नेले. कोणासाठी, हे मी सांगायला नको.

म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. निरगुडीने कर्ज फिटणार नाही. टोपल्या विणून कापसाचा तोटा भरून निघेल असे जो सांगेल तो एक तर भाबडा आहे किंवा सरकारचा माणूस आहे. भावाचा लढा तो भावाचा लढा, त्याला पर्याय नाही. 'जोडधंदा करा' म्हणून आपल्या तोंडाला पाने पुसण्याचे प्रयोग आपण पुष्कळ पाहिले. १९९० नंतर सागवानाच्या कंपन्या आल्या, पुढे मोगली एरंड आला, मग इमू आला. पैसा झाला तो रोपे, बी आणि पिल्ले विकणाऱ्यांचा. आता बांबूच्या नावाने तसलेच फिरस्ते हिंडू लागले आहेत. बांबू वाईट नाही. आपला मानवेल बांबू मुरमाड जमिनीत येतो, नाल्याच्या काठाने लावला तर माती धरतो, चार-पाच वर्षांनी तोडणीला येतो. बुरुडाला विणायला एक-दोन वर्षांची कोवळी काठी लागते, बांधकामाला तीन वर्षांवरची, एवढा फरक ध्यानात ठेवा. पण गावापासून दहा कोसांत बुरूड नसेल, किंवा घेणाऱ्याचा भाव आज लेखी मिळत नसेल, तर कपाशीचे चांगले रान मोडून बांबू लावू नका. ज्वारीच्या कडेला तर मुळीच नको. सावली पडेल आणि बांबूवर वस्तीला आलेली पाखरे कणसे सोडणार नाहीत.

निरगुडीत हा धोका नाही, कारण तिच्यात विकत घ्यायचे काहीच नाही. शरद जोशींनी १९९१ साली शेगावला चतुरंग शेतीचा विचार मांडला, त्यातली सीता शेती आणि माजघर शेती आठवा. बाहेरून विकत आणणे कमी करायचे, मातीला जपायचे आणि शेतातून निघालेल्या मालावर घरीच हात फिरवून मग तो बाहेर काढायचा. बांधावरचा फोक आणि ओसरीवरची पाटी हे त्या दोन्हींचे सगळ्यात स्वस्त उदाहरण आहे.

आता कसे करायचे ते सांगतो. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की ओढ्याकाठच्या जुन्या निरगुडीची, मालकाला विचारून, मागल्या सालची पिकलेली काडी घ्या. जाडी पेन्सिलीएवढी, लांबी वीतभर. दोन डोळे मातीत जातील अशी तिरपी खोचा आणि टाचेने माती दाबा. दोन एकरांचा चौकोनी तुकडा असेल तर त्याचा एका बाजूचा बांध साधारण ९० मीटर भरतो. दोन फुटांवर एक लावली तर दीडशे झाडे झाली. अंतर जाणून कमी ठेवायचे. झुडपे दाटीत असली की फोक उजेडासाठी सरळ वर जातात, फांद्या कमी फुटतात. ज्या काड्या लागणार नाहीत त्यांच्या जागी पुढच्या पावसात दुसऱ्या लावा.

पहिल्या वर्षी हात लावू नका, मूळ बसू द्या. दुसऱ्या उन्हाळ्यात धारदार कोयत्याने जमिनीपासून चार बोटांवर सगळी छाटा. पावसाळ्यात खुंटातून नवे फोक उठतील. ते हिवाळ्यात कापायचे. तेव्हापासून दर वर्षी छाटणी, दर वर्षी फोक. वर्षाला छाटली जाते म्हणून सावली पडत नाही आणि मूळ बांधाची माती धरून राहते. एका खुंटाने हाती लागतील असे सहाच फोक दिले असे धरले, तरी दीडशे खुंटांचे नऊशे फोक होतात. पाला वाया जात नाही. दशपर्णी अर्कात निरगुडी लागतेच, आणि धान्याच्या कणगीतही.

फोक कापल्यावर लांबीप्रमाणे पेंढ्या बांधा आणि सावलीत ठेवा. कडक वाळला तर मोडतो. वाळलाच तर रात्रभर पाण्यात भिजत घाला. तुराट्यांचेही तसेच. शेंगा झोडपून झाल्या की सगळ्या चुलीत घालू नका, सरळ बारीक निवडून ठेवा. पऱ्हाटीच्या मात्र नादी लागू नका. ती मोडते आणि तिच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. वेचणी संपली की पऱ्हाटी शेतातून हलवली पाहिजे. बांधावर रचून ठेवणारा पुढच्या सालची अळी स्वतः पाळतो.

आणखी एक कामाची गोष्ट. आपला कापूस जिनिंगवर नेला की व्यापारी बोट दाखवतो ते कचऱ्याकडे. कचऱ्यात सगळ्यात वाईट म्हणजे खताच्या प्लास्टिक पोत्यांचे धागे. ते रुईत मिसळले की पुढे सुतात जातात, कापडाला रंग धरू देत नाहीत. आपण त्याच पोत्यांत वेचतो आणि त्याच पोत्यांत भरतो. वेचणीला सुती ओटी आणि गोळा करायला आतून जुने लुगडे लावलेले फोकाचे डाल वापरा. लुगडे लावायला विसरू नका, नाहीतर सालीचा भुसा लागेल. यातून भाव वाढेल अशी हमी मी देत नाही, पण भाव पाडायचे एक कारण तरी व्यापाऱ्याच्या हातून जाईल.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. फोक आपण लावू, पण विणणार कोण? आपल्यातल्या काही म्हाताऱ्यांना थोडेबहुत येते, त्यांच्याकडून पोरांनी शिकावे. त्या तरुण मित्रानेही शिकावे. पण खरी विद्या त्या कडुनिंबाखालच्या मावशीच्या हातात आहे. तिच्याशी आपण वागलो कसे? बांधावरचा फोक तोडला म्हणून हाकलले, शिव्या दिल्या. दारात पाटी घेऊन आली की ओंजळभर ज्वारी टाकली आणि वर म्हटले, रानातलीच तर काडी आहे, तुला काय खर्च आला?

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. 'तुला काय खर्च आला?' दिल्लीतला कारकून आपल्याला हेच विचारतो. स्वतःच्या जमिनीचा खंड धरायचा नाही, आणि मग म्हणायचे, कापूस काय, आपोआप उगवतो. आपण चार दशके रस्त्यावर बसून घामाचे दाम मागत आलो, आणि दारात आलेल्या विणकरणीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. उत्पादन खर्चावर आधारित भाव हा आपला सिद्धांत असेल तर तो पाटीलाही लागू आहे. नसेल तर तो सिद्धांत नव्हेच, नुसता आपल्या सोयीचा हिशेब झाला.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. या जिल्हा बैठकीत तो चर्चेला घ्यावा, पटला नाही तर फेटाळावा.

पहिले, प्रत्येक गावशाखेतल्या पाच जणांनी या पावसाळ्यात एकेक बांध निरगुडीचा करावा. रोपे, काड्या काहीही विकत घ्यायचे नाही.

दुसरे, आपल्या तालुक्यात विणणारी जी कैकाडी आणि बुरूड घरे उरली आहेत त्यांना पुढच्या तालुका बैठकीला बोलवावे. उपकार म्हणून नको, उत्पादक म्हणून. एका पाटीला किती फोक लागतात, कापायला, तासायला, विणायला किती दिवस जातात, हा हिशेब त्यांच्याच तोंडून सर्वांसमोर मांडू द्यावा. त्यावर दिवसाची मजुरी धरून भाव ठरावा आणि तो फळ्यावर लिहावा.

तिसरे, ज्याच्या बांधावर फोक आहेत त्याने विणणाऱ्याला उघडपणे, चार माणसांसमोर सांगावे: हिवाळ्यात ये आणि काप. फोकाचा मोबदला पैशात घ्यायचा की पाट्यांत, ते दोघांनी ठरवावे. पण आपल्या बांधावर फोक तोडणाऱ्याला चोर म्हणायचे दिवस आपल्या शाखेपुरते तरी संपले पाहिजेत.

चौथे, शाखेतल्या दोन पोरांनी, मुलगा असो की मुलगी, त्या हिवाळ्यात विणायला शिकावे आणि शिकवणाऱ्याला दिवसाचा रोज द्यावा.

कोणी म्हणेल, कापूस जळतो आहे आणि हे टोपल्यांचे काय काढले? त्याला माझे उत्तर एवढेच, की सरकारकडे भाव मागायचा तो मागूच. पण बांध आपला आहे, कोयता आपला आहे आणि घासाघीस करणारे तोंडही आपलेच आहे. या तिन्हींसाठी कोणत्याही मंत्र्याकडे निवेदन न्यावे लागत नाही.

त्या मावशीच्या गावी मी या मृगात जाणार आहे. माझ्या सांगण्यावरून जो बांध जाळला गेला होता त्याच्या मालकाशी बोलणे झाले आहे. काड्या मी नेणार, खड्डे तो करणार. मावशीला सांगायचे अजून बाकी आहे. फोक उठायला दोन पावसाळे लागतील आणि तिचे वय झाले आहे, म्हणून घाई आहे.